अमेरिकेच्या शाळा कुणी घडवल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बी.एड.च्या विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट नेहमी जाणवते. अमेरिकन शिक्षणाचा विषय निघाला की जॉन ड्युई हे एकच नाव पुढे येतं, आणि तेही "कार्यवाद, कृतीतून शिक्षण, दोन गुण" एवढंच. त्या देशातली शाळा जवळजवळ दोनशे वर्षं एकाच प्रश्नाभोवती भांडते आहे: "सगळी मुलं" म्हणताना नेमकी कोणती मुलं धरायची? हे भांडण ज्यांनी पुढे नेलं, त्यांच्याबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

अमेरिकेत सरकारी शाळा कुणी सुरू केल्या?

एका माणसाचं नाव घ्यायचं तर होरेस मान. पण शाळा त्यांच्या आधीही होत्या. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६४७ सालीच कायदा झाला होता, की पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस नेमावा. थॉमस जेफरसन यांनी १७७९ मध्ये व्हर्जिनियात तीन वर्षांच्या मोफत शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते मंजूर झालं नाही. पुढे अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली, तिच्यात शिक्षण हा शब्दच नाही. म्हणजे जे काही करायचं ते राज्यांनी, आणि राज्यं तर स्वस्थ बसलेली.

मान यांचा जन्म १७९६ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रँकलिन या गावचा. घरची गरिबी. टोप्यांसाठी गवताच्या काडीच्या वेण्या विणून पोरं घराला हातभार लावायची. वर्षाकाठी आठ-दहा आठवड्यांपेक्षा जास्त शाळा त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. गावाला मात्र एक ग्रंथालय होतं. गावाने बेंजामिन फ्रँकलिन यांचं नाव घेतलं आणि चर्चसाठी त्यांच्याकडे घंटा मागितली, तेव्हा त्यांनी घंटेऐवजी शंभरावर पुस्तकं पाठवली होती. त्या पुस्तकांवर हा मुलगा वाढला.

पुढे ते वकील झाले, राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष झाले. १८३७ मध्ये राज्याने शिक्षण मंडळ स्थापन केलं, तेव्हा चालती वकिली सोडून ते मंडळाचे पहिले सचिव झाले. हाताशी अधिकार जवळजवळ नव्हते. होतं ते एवढंच: राज्यभर फिरायचं, शाळा बघायच्या आणि दरवर्षी अहवाल लिहायचा. त्यांनी बारा अहवाल लिहिले. गळकी छपरं, पाठ न टेकता येणारी बाकं, फटके देणारे मास्तर, सगळं त्यात आलं. सरकारी अहवालाने लोकमत हलवता येतं, हे त्यांनी करून दाखवलं.

ज्यांना मुलंच नाहीत त्यांनी शाळेचा कर का भरायचा, हे त्यांनी लोकांना कसं पटवलं?

मला त्यांचं हेच काम सगळ्यात मोठं वाटतं. १८४६ च्या दहाव्या अहवालात त्यांनी मांडलं, की जमीन, पाणी, जंगल हे काही आपण निर्माण केलेलं नाही. आधीच्या पिढ्यांनी ते आपल्या हाती दिलं, आपण पुढच्या पिढ्यांचे विश्वस्त आहोत. तेव्हा प्रत्येक मुलाला शिकण्यापुरता त्या संपत्तीत वाटा आहे, आणि तो अडवून ठेवणं म्हणजे मुलाच्या मालकीचं त्याला न देणं. १८४८ च्या शेवटच्या अहवालात त्यांनी शिक्षणाला माणसामाणसांत समानता आणणारं सगळ्यात मोठं साधन म्हटलं.

शिक्षक घडवायला शासकीय अध्यापक विद्यालय हवं, म्हणून लेक्सिंग्टन गावी १८३९ च्या जुलैत ते सुरू केलं. पहिल्या दिवशी तीन मुली आल्या. तरी ते बंद केलं नाही. १८५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, देशात पहिला. मिसिसिपी राज्याने तोच कायदा करायला १९१८ साल उजाडलं.

त्यांची उणीवही सांगायला हवी. त्यांच्याच बॉस्टन शहरात काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या, आणि तो प्रश्न त्यांनी आपल्या चळवळीच्या मध्यभागी आणला नाही. तो प्रश्न एका पाच वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी कोर्टात नेला. ते पुढे येईलच.

शिक्षकी पेशात इतक्या बायका कशा आल्या?

कॅथरिन बीचर, एमा विलर्ड आणि मेरी लायन या तिघींमुळे बरंचसं. विलर्ड यांनी १८२१ मध्ये ट्रॉय इथे मुलींची शाळा काढली आणि तिथे गणित-विज्ञान शिकवलं, शोभेच्या कलाकुसरीवर भागवलं नाही. लायन यांनी १८३७ मध्ये माउंट होल्योक काढलं. बीचर यांनी हार्टफर्डला १८२३ मध्ये शाळा सुरू केली आणि मग पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत शिक्षिका पाठवायची मोहीमच उघडली. मुलं वाढवणं हा बाईचा स्वभावधर्म, म्हणून शिकवणं हेही तिचंच काम, असा त्यांचा युक्तिवाद होता.

त्याची किंमत शिक्षिकांना पुढे शंभर वर्षं मोजावी लागली. स्वभावधर्म म्हटला की पगार कमी द्यायला समाज मोकळा होतो. पुरुषांच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी पगारावर बायका मिळतात, या हिशेबानेच कितीतरी गावांनी त्यांना नेमलं. शिकागोत मार्गारेट हेली यांनी शिक्षिकांची संघटना उभी केली आणि पगारवाढीला पैसे नाहीत म्हणणाऱ्या शहराला दाखवून दिलं, की मोठ्या कंपन्या कर बुडवताहेत, तो वसूल करा. त्यासाठी त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. त्याच शिकागोत १९०९ मध्ये एला फ्लॅग यंग शहराच्या सगळ्या शाळांच्या अधीक्षक झाल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या शाळा याआधी कुठल्याही बाईच्या हाती आल्या नव्हत्या.

गुलामांना शिकवणं खरोखर गुन्हा होता का?

हो. साउथ कॅरोलायनात १७४० पासून गुलामांना लिहायला शिकवण्यावर दंड होता. १८३१ मध्ये नॅट टर्नर या गुलामाच्या पुढारीपणाखाली गुलामांचं बंड झालं, त्या सुमारास दक्षिणेतल्या अनेक राज्यांनी हे कायदे आणखी कडक केले.

पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरला एका घरी गुलाम होते. मालकीणबाईंनी त्यांना अक्षरं शिकवायला सुरुवात केली. मालकाने ते पाहिलं आणि त्यांच्यादेखतच बायकोला बजावलं, की हा वाचायला शिकला तर गुलाम म्हणून निकामी होईल. पोराने ते ऐकलं. गुलामगिरीचं कुलूप कुठल्या किल्लीने उघडतं, ते मालकानेच सांगून टाकलं होतं. पुढे त्यांनी रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना घरातला पाव द्यायचा आणि बदल्यात धडे घ्यायचे, असं करत वाचन पुरं केलं. डग्लस शाळेत कधी गेले नाहीत, तरी शिक्षणाच्या इतिहासात मी त्यांना मान यांच्या बरोबरीने बसवतो.

उत्तरेकडे कायदा नव्हता, पण माणसं तीच होती. कनेक्टिकटमधल्या कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडल या गोऱ्या शिक्षिकेने १८३३ मध्ये काळ्या मुलींसाठी शाळा उघडली. गावाने विहिरीत शेण टाकलं, दुकानदारांनी सामान देणं बंद केलं. राज्याने खास कायदा करून तिला अटक केली. १८३४ च्या सप्टेंबरात जमावाने रात्री खिडक्या फोडल्या, तेव्हा मुलींच्या जिवाला भिऊन तिने शाळा बंद केली. हे वाचताना पुण्याच्या रस्त्यातले शेणाचे गोळे मराठी वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्याच कनेक्टिकट राज्याने १८८६ मध्ये, क्रँडल म्हातारी झाल्यावर, तिला वर्षाला ४०० डॉलर पेन्शन मंजूर केलं.

बुकर टी. वॉशिंग्टन आणि डु बॉईस यांचा वाद काय होता? बरोबर कोण होतं?

हे दोघेही काळ्या समाजाचे नेते, आणि आपल्या लोकांना आधी कसलं शिक्षण हवं यावर त्यांचं पटलं नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्याला एका ओळीत उत्तर देण्याचा मोह मी टाळतो.

वॉशिंग्टन १८५६ मध्ये गुलाम म्हणून जन्मले. मुक्तीनंतर मिठाच्या भट्टीत आणि कोळशाच्या खाणीत राबले. हॅम्प्टनच्या शाळेत पोचले तेव्हा खिशात जवळजवळ काही नव्हतं. प्रवेश परीक्षा म्हणून त्यांना एक खोली झाडायला सांगितली. त्यांनी ती तीनदा झाडली आणि चारदा पुसली. १८८१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला एका मोडक्या खोपटात तीस विद्यार्थी घेऊन त्यांनी शाळा सुरू केली. इमारती विद्यार्थ्यांनीच बांधायच्या, विटाही त्यांनीच पाडायच्या. विटांच्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी स्वतःचं घड्याळ गहाण टाकलं. याच टस्कीगीत १८९६ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. त्यांचं चरित्र मराठीत घराघरांत वाचलं गेलंय, त्यामुळे टस्कीगी आपल्याला परकं नाही.

वॉशिंग्टन यांचं म्हणणं: आधी हातात कसब, पायाखाली जमीन, गाठीला पैसा, हक्क मागाहून येतील. १८९५ मध्ये अटलांटाच्या भाषणात ते म्हणाले, की सामाजिक बाबतीत आपण बोटांसारखे वेगळे राहू, पण प्रगतीच्या कामी एका हातासारखे एकत्र. गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

डु बॉईस १८६८ चे, मॅसॅच्युसेट्समध्ये मुक्त कुटुंबात जन्मलेले, हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे पहिले काळे विद्वान. पण त्यांना फक्त पुस्तकी समजू नका. कॉलेजच्या सुट्टीत ते टेनेसीच्या खेड्यात मास्तर होते. शाळा म्हणजे मका साठवायची लाकडी खोली, आणि खुर्ची घरमालकिणीकडून उसनी आणलेली, रोज संध्याकाळी परत करायची. तिथली जोसी नावाची पोरगी शिकायला धडपडत होती. दहा वर्षांनी ते परत गेले, तेव्हा कष्ट करून करून ती मेलेली होती. डु बॉईस यांचा युक्तिवाद या अनुभवातून आला. मत नसेल, कायद्याचं संरक्षण नसेल, तर कमावलेली जमीन टिकणार कशी? आणि उच्च शिक्षण नसेल तर गावोगावच्या शाळांना शिक्षक देणार कोण? १९०३ मध्ये त्यांनी हे पुस्तकातून जाहीरपणे मांडलं.

माझं मत विचाराल तर मूळ मुद्द्यात डु बॉईस बरोबर होते. वॉशिंग्टन यांनी मतदानाचा हक्क वाचवणाऱ्या खटल्यांना गुपचूप पैसे पुरवले, म्हणजे आपल्या जाहीर धोरणाची मर्यादा त्यांनाही ठाऊक होती. पण त्यांनी उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या मदतीने सुरू केलेल्या योजनेतून १९३२ पर्यंत दक्षिणेत काळ्या मुलांसाठी सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यात गावकऱ्यांनी स्वतःचे पैसे आणि श्रम घातले. त्या शाळेत पहिली इयत्ता शिकलेल्या पोराला विचारलं असतं, तर त्याने वेगळं उत्तर दिलं असतं. डु बॉईस यांनीही "बुद्धिमान दहा टक्क्यांनी समाजाला वर न्यावं" हा आपला सिद्धांत १९४८ मध्ये स्वतःच दुरुस्त केला: नुसती बुद्धी पुरत नाही, त्यागाची तयारी लागते.

काळ्या स्त्रियांपैकी कुणाचं नाव घ्यायचं?

मेरी मॅक्लिऑड बेथ्यून यांचं तर घ्यायलाच हवं. १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथे दीड डॉलर भांडवलावर त्यांनी शाळा उघडली. पाच मुली आणि स्वतःचा मुलगा. जळक्या लाकडाची पेन्सिल, रानफळांच्या रसाची शाई, खोक्यांची बाकं. रताळ्याच्या गोड पोळ्या विकून पैसे जमवले. त्या शाळेचं आज विद्यापीठ झालं आहे. पुढे त्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सल्लागार झाल्या.

दुसऱ्या ॲना ज्युलिया कूपर. गुलाम म्हणून जन्म, वॉशिंग्टन शहरात शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि १९२५ मध्ये, साठी उलटल्यावर, पॅरिसच्या सॉर्बोनची डॉक्टरेट.

ड्युई नेमकं काय म्हणाले? "कृतीतून शिक्षण" एवढंच का?

नाही, आणि या तीन शब्दांनी त्यांचं बरंच नुकसान केलंय.

जॉन ड्युई १८५९ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला जन्मले. शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असताना १८९६ च्या जानेवारीत त्यांनी प्रयोगशाळा म्हणून एक शाळा काढली. सोळा मुलं, दोन शिक्षक. शाळेसाठी टेबलं-बाकं घ्यायला ते शहरभर हिंडले. शेवटी एका दुकानदाराने सांगितलं, की तुम्हाला मुलांनी काम करायचं सामान हवंय, आमच्याकडे आहे ते सगळं ऐकायचं सामान आहे. ड्युई ही गोष्ट पुढे भाषणात सांगत. वर्गात शिरून बाकांची मांडणी पाहावी, मुलांकडून काय अपेक्षा आहे ते कळतं.

त्या शाळेतली मुलं काय करत? एक उदाहरण घेऊ, विदर्भातल्या वाचकांना ते लगेच कळेल. मुलांच्या हातात कच्चा कापूस आणि लोकर दिली. मुलांनी बोटांनी सरकी काढायला घेतली. अर्धा तास खपून एक औंससुद्धा रुई निघेना. मग त्यांना आपणहून कळलं, की एक माणूस दिवसभरात किती थोडी रुई मोकळी करू शकत असेल, आणि आपले पूर्वज सुती कपड्यांऐवजी लोकरीचे का घालत. तिथून धागा, धाग्यावरून यंत्र, यंत्रावरून कारखाने, कारखान्यांवरून इतिहास-भूगोल. म्हणजे कृती ही सुरुवात. त्या कृतीवर विचार करणं, पुढचा प्रश्न पडणं, तो सोबत्यांसह सोडवणं, हे शिक्षण. हात हलले आणि डोकं थांबलं, तर त्याला ड्युई शिक्षण म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १९१६ च्या "डेमोक्रसी अँड एज्युकेशन" या ग्रंथात ते म्हणतात, की लोकशाही ही केवळ शासनपद्धती नाही. ती मुळात एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांना देत-घेत जगण्याची रीत आहे. मग शाळाही तशीच हवी. लोकशाहीचा धडा पाठ करून घेणारी आणि दिवसभर हुकूम सोडणारी शाळा त्यांना चालत नाही.

या शाळेचं पुढे काय झालं? ड्युई यांच्या पत्नी ॲलिस तिथे मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पदावरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी वाद झाला आणि १९०४ मध्ये ड्युई शिकागो सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

आपल्याकडे मुलांना देतात ते "प्रकल्प" ड्युईंचेच का?

त्यांचे सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांचे म्हणा. १९१८ च्या एका निबंधात त्यांनी प्रकल्प पद्धती मांडली. मुलाने मनापासून, स्वतःच्या उद्देशाने हाती घेतलेलं काम म्हणजे प्रकल्प. आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचा तक्ता आणून आईने वहीत चिकटवायचा, यात मुलाचा उद्देश कुठेच नाही. आपल्या घरोघरी हे चालतं, आणि मला त्याचं मनापासून दुःख होतं, कारण मूळ कल्पना फार चांगली होती.

खुद्द ड्युई यांनाही हे प्रकार मान्य नव्हते. १९३८ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी छोटं पुस्तक लिहून आपल्याच अनुयायांना सुनावलं: प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असं नाही, काही अनुभव पुढचं शिकणंच बंद करून टाकतात.

माँटेसरी अमेरिकन होत्या का?

नाही, इटालियन. किलपॅट्रिक यांनी १९१४ मध्ये त्यांच्या पद्धतीवर कडक टीका केली आणि अमेरिकेत ती बरीच वर्षं मागे पडली.

ड्युई आणि बाबासाहेबांचा संबंध किती खोल होता?

खूप. डॉ. आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले, १९१५ मध्ये एम.ए. झाले. तिथे ते ड्युईंच्या वर्गात बसले. १९३६ च्या "ॲनिहिलेशन ऑफ कास्ट" मध्ये ते ड्युईंचा उल्लेख आपले शिक्षक म्हणून करतात आणि त्यांचं फार ऋण आहे असं लिहितात. लोकशाही म्हणजे एकत्र जगण्याची रीत, हे वर दिलेलं वाक्य त्या भाषणात जवळजवळ जसंच्या तसं येतं. पण बाबासाहेब त्याला जिथे नेतात, तिथे ड्युई कधी गेले नव्हते. अनुभवाची देवघेव जात होऊच देत नाही, मग इथे लोकशाही कशी नांदणार, असा तो प्रश्न होतो.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. समारंभ ५ जूनला होता. ड्युई १ जूनला वारले. शिष्य शहरात आला, पण गुरूची भेट राहून गेली.

डु बॉईस यांच्याशीही बाबासाहेबांचा पत्रव्यवहार झाला, १९४६ मध्ये. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठवलेल्या निवेदनाची प्रत त्यांनी मागवली होती.

मग अमेरिकन शाळा ड्युईंच्या विचाराने चालतात का?

फारशा नाहीत. रोजच्या कारभारात दुसऱ्याच माणसाची छाप जास्त दिसते: एडवर्ड थॉर्नडाइक. मांजरांना पिंजऱ्यात ठेवून ती सुटायला कसं शिकतात, याचे प्रयोग त्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. तेही कोलंबियाचेच, ड्युईंच्या शेजारचे म्हणा ना. जे काही अस्तित्वात आहे ते मोजता येतं, हा त्यांचा विश्वास. त्यातून प्रमाणित चाचण्या आल्या.

मोजणं वाईट नाही. पण काय मोजतोय हे विसरलं की घात होतो. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिमापन चाचणी झाली. कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये त्या आकड्यांवरून काही वंश बुद्धीने कमी असल्याचं लिहिलं, आणि त्यांनीच पुढे कॉलेज प्रवेशाची एस.ए.टी. तयार केली, ती पहिल्यांदा १९२६ मध्ये झाली. त्यांना उत्तर दिलं एका तरुण काळ्या शिक्षकाने. त्याने दाखवलं, की त्याच चाचणीत उत्तरेकडच्या काही राज्यांतले काळे सैनिक दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्यांच्या पुढे होते. फरक शाळेचा होता, रक्ताचा नव्हता. या शिक्षकाचं नाव होरेस मान बाँड. आईवडिलांनी होरेस मान यांच्यावरूनच ते ठेवलं होतं. ब्रिगम यांनी १९३० मध्ये आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले, पण चाचणी राहिली.

ज्यांचा प्रभाव वाईट होता, त्यांना या यादीत धरायचं का?

धरायला हवं. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला मूळनिवासी मुलांची निवासी शाळा काढली. आल्या आल्या मुलांचे केस कापले, त्यांची भाषा बंद केली. लुथर स्टँडिंग बेअर हे लकोटा जमातीचे लेखक पहिल्या तुकडीत होते. ते लिहितात, की फळ्यावर नावं लिहिली होती, हातात काठी दिली आणि त्यातलं एक निवडायला सांगितलं. ती खूण काय आहे, हे त्यांना वाचताही येत नव्हतं. तेच त्यांचं नाव झालं. मुलातला "इंडियन" मारा आणि माणूस वाचवा, असं प्रॅट यांनी १८९२ मध्ये जाहीर सांगितलं, आणि आपण भलं करतोय अशी त्यांची खात्री होती. त्या आवारातल्या दफनभूमीत मुलांच्या १८० च्या आसपास कबरी आहेत. शाळा १९१८ मध्ये बंद झाली, पण तोवर तशा कितीतरी निघाल्या होत्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी या धोरणाबद्दल देशाच्या वतीने माफी मागितली.

वेगळ्या शाळा शेवटी कशा संपल्या?

कोर्टात, आणि मुलांमुळे. सेरा रॉबर्ट्स ही बॉस्टनची ती पाच वर्षांची मुलगी. गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून तिला काळ्यांच्या शाळेत जावं लागे. वडील १८५० मध्ये खटला हरले, तरी राज्याने १८५५ मध्ये वेगळ्या शाळांवर कायद्याने बंदी घातली. देशभरासाठी आणखी शंभर वर्षं गेली.

चार्ल्स ह्यूस्टन यांनी हॉवर्ड विद्यापीठात वकिलांची एक पिढीच तयार केली. वेगळ्या शाळांविरुद्धचा ब्राऊन खटला लढवणारे थरगुड मार्शल त्यांचेच विद्यार्थी. पण मी वर्गात सांगतो ती गोष्ट बार्बरा जॉन्सची. व्हर्जिनियातलं फार्मव्हिल गाव, शाळेच्या मैदानात डांबरी कागदाची खोपटी वर्ग म्हणून उभी केलेली. १९५१ च्या एप्रिलमध्ये या सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापकांना युक्तीने शाळेबाहेर पाठवलं, सगळ्या मुलांना सभागृहात जमवलं आणि संप पुकारला. तो खटला ब्राऊन खटल्यात सामील झाला, आणि १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यावर फार्मव्हिलच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, काय करावं? १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली, काळी मुलं घरी बसली.

कमी माहीत असलेलं, पण कळायलाच हवं असं एक नाव?

सेप्टिमा क्लार्क. १८९८ चा जन्म, साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन शहर. तिथल्या सरकारी शाळा काळ्या शिक्षकांना घेत नसत, म्हणून १९१६ मध्ये त्या जॉन्स बेटावर शिकवायला गेल्या. चाळीस वर्षं शिकवलं. १९५६ मध्ये राज्याने नागरी हक्कांच्या संघटनेचं सदस्यत्व सरकारी नोकरांना बंद केलं. सदस्यत्व लपवायला त्यांनी नकार दिला, तेव्हा नोकरीही गेली आणि पेन्शनही.

मतदार म्हणून नोंदवायला वाचता येण्याची अट होती. जॉन्स बेटावर ईसॉ जेन्किन्स प्रवासी गाडी चालवत आणि वाटेत लोकांना राज्यघटनेचा उतारा शिकवत. त्यातून प्रौढांच्या वर्गाची कल्पना निघाली. १९५७ च्या जानेवारीत सहकारी दुकानाच्या मागच्या खोलीत पहिला वर्ग भरला, चौदा जण. शिकवायला मुद्दाम कुणी शिक्षक घेतला नाही. बर्निस रॉबिन्सन या केशभूषा करणाऱ्या बाईंना घेतलं. शिक्षक लोकांना कमी लेखेल, या बाई लेखणार नाहीत, असा हिशेब. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला सही करायची होती, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तोच अभ्यासक्रम झाला. पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने हे वर्ग दक्षिणभर नेले. क्लार्क यांचं पेन्शन १९७६ मध्ये परत मिळालं.

राष्ट्राध्यक्षांपैकी कुणी?

लिंडन जॉन्सन. ते स्वतः १९२८ मध्ये टेक्सासमधल्या कोटुला गावी गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांचे मास्तर होते. १९६५ मध्ये गरीब मुलांच्या शाळांना केंद्राचा पैसा देणारा कायदा त्यांनी आपल्या लहानपणीच्या शाळेसमोर बसून सही केला, शेजारी त्यांच्या पहिल्या बाई होत्या. १९७२ मध्ये शिक्षणात मुलींशी भेदभाव करायला बंदी आली, त्यामागे हवाईच्या खासदार पॅट्सी मिंक होत्या. बाई म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी त्यांना नाकारलं होतं.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे?

आहे, आणि जुना आहे. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवू लागल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा पाहिली आणि पुण्यात तशी काढायचं मनात घेतलं. १८७३ मध्ये त्यांनी "गुलामगिरी" हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला.

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. रमाबाई मग अडीच वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहिल्या, शाळा आणि बालवाड्या पाहिल्या, आणि १८८९ मध्ये युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी मुंबईत शारदा सदन उघडलं, त्याला पैसा बॉस्टनच्या मंडळाने उभा केला होता.

वाचायला सुरुवात कुठून करू?

डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मकथनातली सहावी आणि सातवी प्रकरणं, एका बैठकीत होतात. मग डु बॉईस यांच्या १९०३ च्या "द सोल्स ऑफ ब्लॅक फोक" या पुस्तकातलं टेनेसीतल्या शाळेवरचं प्रकरण. ड्युईंचा मोठा ग्रंथ आधी उघडू नका, तो जड आहे. १८९९ चं "द स्कूल अँड सोसायटी" घ्या, कापसाची आणि बाकांची गोष्ट त्यातच आहे. त्यानंतर "ॲनिहिलेशन ऑफ कास्ट" पुन्हा वाचा, या वेळी ड्युईंची वाक्यं कुठे कुठे येतात त्यावर पेन्सिलीने खूण करत.